व्हॉल्व्हवरची चिंधी

आमच्या वरच्या मजल्यावरच्या बाथरूममध्ये शॉवर होता, पण त्यातून पाणी यायचं ते उपकार केल्यासारखं. टाकी गच्चीवर, बाथरूम तिच्या बरोबर खाली, मधली उंची जेमतेम चार फूट. एवढ्याशा उंचीवरून पाण्याला जोर कुठून येणार? डोक्याला साबण लावला की बायको आतूनच ओरडायची, "खालचा नळ कुणी सोडलाय?" आणि तो कुणीच सोडलेला नसायचा. मुलगी म्हणायची, या शॉवरखाली केस धुवायचे म्हणजे धुऊन होईपर्यंत कॉलेज संपेल.

शेवटी मी शॉवरचा पंप विकत आणला. बुटांच्या खोक्यात मावेल एवढासा. टाकीतलं पाणी ओढायचं आणि जोराने शॉवरला द्यायचं, एवढंच त्याचं काम. खोकं टेबलावर ठेवून मी प्लंबरचा नंबर शोधायला लागलो, तर बाबांनी वर्तमानपत्र खाली घेतलं.

"फोन कुणाला लावतोयस?"

"प्लंबरला."

"घरात फिटर बसलाय आणि बाहेरचा माणूस कशाला?"

बाबा चौतीस वर्षं शहराला पाणी पुरवणाऱ्या पंपघरात फिटर होते. आई गेल्यावर ते आमच्याकडे राहायला आले. येताना दोन बॅगा आणि एक लोखंडी पेटी घेऊन आले. बॅगांपेक्षा पेटी जड होती. तिच्यात पाने, पकडी, जॉइंटच्या आट्यांवर गुंडाळायच्या सुतळीचं बंडल, त्यावर लावायच्या सफेद्याचा डबा, सगळं जागच्या जागी. आल्यापासून मात्र त्या पेटीचं झाकण उघडलं नव्हतं. वय शहात्तर. कप बशीत ठेवताना हात थरथरून किणकिण व्हायची. दिवसभर खिडकीशी बसायचे, विचारलं तर उत्तर द्यायचे, नाही विचारलं तर नाही.

आणि माझ्याबद्दल आधीच सांगून टाकतो. माझ्या नाकावर राग असतो. मी एका कारखान्याच्या गोदामाचा प्रमुख आहे. दिवसभर लोकांना "हे का नाही झालं" विचारायचं, याचाच मला पगार मिळतो. घरी आल्यावर ती सवय चपलांबरोबर बाहेर काढून ठेवता येत नाही. त्या दिवशीही मी म्हणणार होतो, "बाबा, राहू द्या, तुम्हाला नाही जमायचं आता." पण बायकोने टेबलाखालून पाय मारला. मी म्हणालो, "बरं, करा तुम्ही."

बाबांनी त्याच संध्याकाळी पेटी उघडली.

पुढचे चार दिवस घरात एक वेगळाच माणूस वावरत होता. कॅलेंडरच्या जुन्या पानामागे त्यांनी पेन्सिलीने नकाशा काढला. टाकीतून एक स्वतंत्र लाइन, तिच्यावर व्हॉल्व्ह, पुढे पंप, पंपातून खाली शॉवरला. बाकीच्या नळांना हात लावायचा नाही. पाइप कुठे वळणार, किती इंचांवर कापायचा, सगळं लिहिलेलं. मुलीला बरोबर घेऊन दुकानात गेले आणि दुकानदाराशी एका वळणाच्या तुकड्यावरून असे भांडले की ती हसत हसत घरी आली. जेवताना न विचारता बोलायला लागले. पाना हातात घेतला की थरथर कुठे जायची, देव जाणे. बायको मला हळूच म्हणाली, "आई गेल्यापासून पहिल्यांदा दुसरी पोळी मागून घेतली त्यांनी."

आता त्या चिंधीबद्दल सांगायला हवं. तिच्यावाचून पुढचं काही कळणार नाही.

पंपघरात एक रीत होती. तिथल्या व्हॉल्व्हचं चाक नुसतं बघून तो उघडा आहे की बंद, हे कळत नाही. उघडा असला तरी चाक तसंच, बंद असला तरी तसंच. आणि बंद व्हॉल्व्हवर कुणी पंप चालवला तर पंप कोरडा फिरतो आणि जळतो. उलट कुणी पाइप उघडून आत हात घालून बसलेला असताना दुसऱ्याने व्हॉल्व्ह सोडला, तर तो माणूसच जायचा. म्हणून प्रत्येक फिटरजवळ आपल्या रंगाची चिंधी असायची. ज्याने व्हॉल्व्ह बंद केला त्याने चाकाला आपली चिंधी बांधायची, आणि सोडताना त्यानेच ती काढायची. दुसऱ्याने त्या चाकाला हात लावायचा नाही, अगदी साहेब आला तरी नाही. चाकावर चिंधी नाही म्हणजे व्हॉल्व्ह उघडा, विषय संपला. बाबांची चिंधी निळी, आईने जुन्या चादरीची फाडून दिलेली. ते या बाबतीत इतके काटेकोर, की सगळे त्यांना चिंधीमास्तर म्हणायचे. मी लहानपणी त्यांचा डबा घेऊन जायचो तेव्हा ते मला ती बांधू द्यायचे. गाठ सैल झाली की पुन्हा बांधायला लावायचे.

आमच्या गच्चीवरच्या त्या एवढ्याशा व्हॉल्व्हलाही त्यांनी चारही दिवस निळी चिंधी बांधली होती. मी हसलो. म्हणालो, "बाबा, इथे कोण येणार आहे चाक फिरवायला?" ते म्हणाले, "कोण येणार ते माहीत असतं तर चिंधी कशाला लागली असती?"

चौथ्या दिवशी दुपारी काम झालं. बाबांनी व्हॉल्व्ह उघडला, लाइन पाण्याने भरली, एकेक जॉइंट बोटाने चाचपून पाहिला. कोरडा ठणठणीत. मग चिंधी सोडली, घडी करून टाकीशेजारच्या खिळ्याला अडकवली आणि जाहीर केलं, की पंपाचं बटण उद्या सकाळी सगळ्यांसमोर दाबायचं.

संध्याकाळी मी वाळलेले कपडे काढायला गच्चीवर गेलो. सहज वाकून पाहिलं, तर टाकीजवळच्या जॉइंटखाली पाण्याचा एक थेंब लोंबत होता. एकच. लाइन भरताना ओघळलेलं पाणी असेल, किंवा टाकी वरून सांडली असेल. थेंब बोटाने पुसून पाच मिनिटं थांबलो असतो तर कळलं असतं. पण मला काय वाटलं सांगू? मला वाटलं, अपेक्षेप्रमाणे गळतंय. म्हाताऱ्याचे हात ते, दुसरं काय होणार! रात्रीत टाकी रिकामी व्हायला नको, म्हणून मी चाक फिरवून व्हॉल्व्ह घट्ट बंद केला. बाबांना खाली जाऊन सांगू, असं ठरवलं.

चिंधी हाताच्या अंतरावर खिळ्याला होती. मला ती दिसली होती. एका हातावर कपडे होते, दुसऱ्या हातातला फोन वाजायला लागला होता. गोदामात एक गाडी भलताच माल उतरवून निघून गेली होती. मी जिना उतरेपर्यंत तीन माणसांवर ओरडून झालं होतं. व्हॉल्व्ह डोक्यातून पार निघून गेला.

सकाळी बाबा अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून बाथरूमच्या दाराशी उभे राहिले. बायको, मुलगी, शेजारच्या काकूसुद्धा आल्या होत्या. मुलीने शॉवरची चावी सोडली. बाबांनी बटण तिला दाबू दिलं.

वर पंप सुरू झाल्याचा आवाज आला. शॉवरमधून पाण्याचा एक जोरदार फवारा उडाला, मुलगी किंचाळून मागे सरली, काकूंनी टाळ्या वाजवल्या. आणि मग पाणी फुसफुसलं, थुंकलं आणि बंद पडलं. पंप मात्र ओरडतच राहिला.

"हवा अडकली असेल," बाबा म्हणाले. "निघेल. थांबा जरा."

आम्ही थांबलो. हवा निघाली नाही. आवाज चिरका होत गेला, मग वरून जळक्या रबराचा वास आला. बाबांनी झटक्याने बटण बंद केलं आणि शहात्तराव्या वर्षी दोन दोन पायऱ्या चढत गच्चीवर गेले. मी मागोमाग गेलो. त्यांनी व्हॉल्व्हकडे पाहिलं. चिंधी नव्हती. नजर पुढे गेली. एकेक जॉइंट बघत पंपापर्यंत आले. पंपाखाली थोडंसं पाणी ओघळलं होतं, आतलं सील जळलं होतं.

"कुठून तरी हवा ओढतोय," ते म्हणाले. आवाज खोल गेला होता. "माझा कुठला तरी जॉइंट कच्चा राहिला. मला एक तास दे. एकेक उघडून बघतो."

एक तास. पहिला जॉइंट उघडायच्या आधी त्यांनी व्हॉल्व्ह बंद करायला चाकाला हात घातला असता, चाक हललं नसतं, आणि सगळं तिथल्या तिथे उलगडलं असतं. तेवढाच एक तास त्यांनी माझ्याकडे मागितला होता.

पण माझं डोकं आदल्या संध्याकाळपासूनच तापलेलं होतं. नवाकोरा पंप जळला होता, शेजारच्या काकू जिन्यात उभ्या होत्या. माझी जीभ सुटली.

"पुरे झालं आता, बाबा! चार दिवस खेळ झाला तेवढा बस झाला. तुमचे हात राहिले नाहीत आता. कळत कसं नाही तुम्हाला?"

बाबांनी आपल्या हातांकडे पाहिलं. पाना होता उजव्या हातात, आणि पाना असूनही तो हात थरथरत होता. ते मी डोळ्यांनी पाहिलं. मग ते जिना उतरून खोलीत गेले.

दुसऱ्या दिवशी प्लंबर आला. चाळिशीतला, बोलका मिस्त्री. मी त्याला गच्चीवर नेलं. त्याने पंप पाहिला, पाइपांवरून हात फिरवला, मान डोलावली.

"काम कुणी केलंय हे? हल्ली असे जॉइंट कुणी करत नाही हो. सुतळी आणि सफेदा! हे तुमच्या माझ्यानंतरही टिकतील." मग त्याने व्हॉल्व्हच्या चाकाला हात घातला आणि हसला. "साहेब, व्हॉल्व्हच बंद आहे की. पाणी येणार कुठून? बिचारा पंप हवा पीत बसला."

तो थेंब, तो फोन, हातावरचे कपडे, सगळं एका क्षणात डोळ्यांपुढे आलं. खिळ्यावर निळी चिंधी तशीच घडी करून ठेवलेली होती.

"खाली खिडकीशी बसलेत त्या आजोबांनी केलंय ना काम?" मिस्त्री म्हणाला. "सांगतो त्यांना, तुमचं काही चुकलं नाही म्हणून."

"नको," मी म्हणालो. "मी सांगतो."

आणि खरंच सांगणार होतो, शपथेवर. मिस्त्रीने पंपाचं सील बदललं, व्हॉल्व्ह उघडला, बटण दाबलं. शॉवर असा सुटला की भिंती भिजल्या. एकाही जॉइंटला त्याने हात लावला नव्हता. आम्ही खाली आलो, तेव्हा बाबा खोलीच्या दाराशी उभे होते. आवाज ऐकून आले असणार.

"कुठला जॉइंट निघाला?" त्यांनी मिस्त्रीला विचारलं.

मिस्त्रीने माझ्याकडे पाहिलं. बायको स्वयंपाकघराच्या दारात होती, मुलगी जिन्यात. कालचं माझं बोलणं दोघींनी ऐकलं होतं, आणि कालपासून दोघी माझ्याशी तुटकच बोलत होत्या. आता त्यांच्यासमोर म्हणायचं, की पंप मी जाळला आणि बोल बाबांना लावले? माझ्या तोंडून निघून गेलं, "टाकीजवळचा. तिथून हवा ओढत होता."

मिस्त्री मूग गिळून उभा राहिला.

"हं," बाबा म्हणाले. "असेल. तिथे जरा घाई झाली माझी." मग ते आत गेले आणि लोखंडी पेटी दोन्ही हातांनी ओढत बाहेर घेऊन आले. "ही न्या तुम्ही. चांगल्या हातात राहील."

"अहो आजोबा, हे काय! मी नाही घेणार," मिस्त्री म्हणाला आणि पुन्हा माझ्याकडे पाहायला लागला. तो वाट बघत होता. मला बोलायला त्याने अख्खं एक मिनिट दिलं असेल.

मी म्हणालो, "घ्या. त्यांची इच्छा आहे."

त्याने पेटी उचलली. फाटकापाशी मला एवढंच म्हणाला, "मी सांभाळून ठेवतो. न्यायला या."

मी गेलो नाही. रोज ठरवायचो. आज सांगू, जेवल्यावर सांगू, सुट्टीच्या दिवशी निवांत सांगू. खोटं एका वाक्यात बोलून झालं होतं, खरं बोलायला तेवढीच जागा सापडत नव्हती.

बाबा पुन्हा खिडकीशी बसायला लागले. गच्चीवर जाणं बंद झालं. एकदा स्वयंपाकघरातला नळ ढिला झाला. बायको मुद्दामच त्यांच्याकडे गेली, "बाबा, जरा बघता का?" दोन मिनिटांचं काम होतं. ते सावकाश म्हणाले, "माझे हात राहिले नाहीत गं आता. मिस्त्रीला बोलव." माझेच शब्द, जसेच्या तसे. रागाने नाही हो म्हणाले, वय सांगावं तसे म्हणाले. मी बाहेर वर्तमानपत्र वाचत होतो. त्या पानावर काय होतं ते मला आजही सांगता येणार नाही.

असे पाच महिने गेले. मग एका दुपारी मुलगी त्यांच्या खोलीतून बाहेर आली ती रडवेली होऊन.

"आजोबा म्हणत होते, घरातला एक जॉइंट मला धड करता आला नाही, मग पंपघरात माझ्या हातचे किती कच्चे राहिले असतील कोण जाणे. चौतीस वर्षं सगळे मला मास्तर म्हणत राहिले, उगाच."

माझी भीड, लाज, जे काही होतं ते तिथे संपलं. मी उठून त्यांच्या खोलीत गेलो. दार लावलं आणि खुर्ची त्यांच्यासमोर ओढून बसलो.

"बाबा, तुमचा जॉइंट कच्चा नव्हता. एकही कच्चा नव्हता. व्हॉल्व्ह बंद होता. आदल्या दिवशी संध्याकाळी मीच बंद केला होता आणि विसरलो. मिस्त्रीने नुसता तो उघडला. टाकीजवळचा जॉइंट वगैरे मी खोटं सांगितलं."

ते माझ्याकडे बघून हसले. इतक्या मायेने हसले की मला बरं वाटलं. वाटलं, सुटलो.

"पोरगी काहीतरी बोलली वाटतं तुझ्याशी," ते म्हणाले.

"बोलली. पण मी खरं सांगतोय."

"अरे, बापाला बरं वाटावं म्हणून एवढं कशाला? मला राग नाही तुझा. तू म्हणालास ते खरंच होतं."

"बाबा, खरंच मी बंद केला होता! मिस्त्रीला विचारा. आत्ता फोन लावतो."

"त्याला कशाला खोटं बोलायला लावतोस? चांगला माणूस आहे तो. त्याच्यासमोरच तू जॉइंटचं सांगितलंस. चुकीचं असतं तर कारागीर गप्प बसला असता का?" त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "आणि मी वर जाऊन पाहिलं होतं ना. व्हॉल्व्हवर चिंधी नव्हती."

"मी बांधलीच नाही, बाबा. समोर दिसत होती, तरी नाही बांधली."

"तू?" ते म्हणाले. "सात वर्षांचा होतास तेव्हापासून तू माझी चिंधी बांधत आलास. पहिली गाठ सैल पडली म्हणून रडला होतास, आठवतंय? पुन्हा तीनदा बांधलीस. पंपघरातला एखादा विसरला असता असं मी मानलं असतं. पण तू व्हॉल्व्ह बंद करशील आणि चिंधी न बांधता खाली येशील, हे मला कुणी लिहून दिलं तरी पटणार नाही."

त्यांचा माझ्यावर विश्वास होता. स्वतःच्या हातांपेक्षा जास्त होता.

तेवढ्यात वर मुलीने शॉवर सोडला. गच्चीवरचा पंप सुरू झाला. संथ, एका लयीत, कुठेही न अडखळता. बाबांनी मान किंचित कलती केली, पंपघरात यंत्रं ऐकताना करायचे तशी, आणि डोळे मिटून बराच वेळ ऐकत राहिले.

"छान चालतोय," ते म्हणाले. "मिस्त्रीचा हात चांगला आहे."

मी "हो" म्हणालो.